एक लांब, दोन आखूड

दिवाळी अंकासाठी काहीतरी लिहा म्हणून आमच्या शाळेतले गुरुजी दोन वर्षं माझ्या मागं लागले होते. मी लष्करातल्या गाडीबद्दल लिहावं, असं त्यांच्या मनात होतं. सतरा वर्षं मी फौजेत ड्रायव्हर होतो, त्यातली बरीचशी लडाखच्या बाजूला गेली, आणि आमच्या सातारा जिल्ह्यात फौजी माणूस बर्फाबद्दल बोलायला लागला की लोक पुढं सरकून बसतात. पण त्या रस्त्यांवर मी एकटा कधीच नव्हतो. पुढं गाडी, मागं गाडी, वळणावर पाटी, पाटीवर सूचना. तिथं चूक करायची म्हटली तरी आधी कुणाची तरी परवानगी घ्यावी लागली असती. मला सांगायचं आहे ते त्या रस्त्याचं नाही, आमच्या घरच्या नऊ किलोमीटरचं आहे. गुरुजींना ते आवडेल असं वाटत नाही, पण दुसरं काही लिहायला बसलो की हात चालत नाही.

कोयनानगरच्या अलीकडं मोठा रस्ता सोडून डोंगराकडं वळलं की एका ओढ्यापाशी डांबर संपतं. तिथून वर सड्यावर, डोंगरमाथ्याच्या खडकाळ सपाटीवर, आमची जांभेवाडी. नऊ किलोमीटर, चौदा वळणं, सगळी लाल माती आणि सुटा जांभा दगड. एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला दरी, आणि जीप मावून हातभर उरेल एवढीच रुंदी. पावसात ती माती साबणासारखी होते. उन्हाळ्यात धुरळा इतका की काचेवर पाणी मारलं तर चिखल होतो. एसटी आमच्याकडं कधी आली नाही. आमच्याकडं चालायचं ते वडाप, म्हणजे माणसं भरली की सुटणारी जीप. गावात अशा दोन जीपा होत्या, एक किसनची आणि एक माझी.

किसन माझ्याच वर्गातला. मी फौजेत गेलो, तो कराडकडं कारखान्याचा ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरवर गेला आणि चार पैसे जमल्यावर जुनी जीप घेऊन गावात आला. मी पेन्शनीत निघून दुसरी जीप आणली तेव्हा लोकांना वाटलं, आता या दोघांची जुंपणार. झालं उलटंच. मला हा घाट किसननं शिकवला. पहिल्याच दिवशी मी फौजेच्या तोऱ्यात, ब्रेकवर पाय ठेवून घाट उतरलो. खाली ओढ्यापाशी तो उभा होता. त्यानं वाकून माझ्या पुढच्या चाकाचा वास घेतला आणि म्हणाला, "फौजेत ब्रेकबी सरकारचा असतोय. हितं गिअरवर उतरायचं, गड्या."

बाहेरच्या माणसाला सांगायचं तर गोष्ट सोपी आहे. ज्या गिअरमध्ये चढ चढलात त्याच गिअरमध्ये उतरायचं. मग इंजिनच गाडीला धरून ठेवतं. ब्रेकवर भरवसा ठेवला की ते तापतात, पायाखालचं पेडल मऊ पडतं, आणि पेडल मऊ पडल्याचं कळतं तेव्हा बहुधा वळण समोर आलेलं असतं. चढताना चाक दगडावर घालायचं, दोन दगडांच्या मधे नाही. पावसात दरीकडच्या कडेला जायचं नाही, कारण ती कड वरून घट्ट दिसते आणि आतून भिजलेली असते. एवढं आलं की निम्मा घाट आला.

उरलेला निम्मा घाट कानाचा. दोन गाड्या समोरासमोर आल्या तर बाजूला घ्यायला चौदा वळणांत पाचच ठिकाणी जागा आहे, आणि त्यांना आम्ही जागाच म्हणतो. फोनला घाटात रेंज नाही. म्हणून हॉर्नची भाषा ठरलेली. खालून चढणाऱ्यानं प्रत्येक वळणाआधी एक लांब द्यायचा, वरून उतरणाऱ्यानं दोन आखूड. चढणारी भरलेली गाडी थांबवायची नाही, कारण लाल मातीत थांबलेली गाडी पुन्हा उचलत नाही. त्यामुळं लांब ऐकू आला की उतरणारा जवळच्या जागेत शिरून उभा राहतो. हा नियम कुणी लिहून काढलेला नाही. पण हॉर्न न देता वळण घेतलं असं कळलं तर म्हाताऱ्या बायकासुद्धा गाडीत ड्रायव्हरची आई-बहीण काढत.

या भाषेत किसनइतका तयार माणूस नव्हता. वळणाआधी तो गाडी थांबवून न्यूट्रल करायचा आणि मान जरा तिरपी करून ऐकायचा. मग सांगायचा, सहाव्या वळणावर आपला संपत, म्हणजे मी, आहे, गाडी भरलेली आहे, आणि आज त्याचा सायलेन्सर कुठंतरी फुटलाय. तो देवळातल्या भजनात मृदंग वाजवायचा. कुणाची टाळी अर्ध्या मात्रेनं मागं पडली तर न बघता त्या माणसाकडं तोंड फिरवायचा. आपल्या कानाचा त्याला अभिमान होता आणि तो त्यानं कधी लपवला नाही.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची मिळाली. एकदा निवडणुकीचं मतदानयंत्र घेऊन एक साहेब आले. पहिल्या दोन वळणांनंतर त्यांनी यंत्र पोटाशी धरलं, डोळे मिटले, आणि हे दरीत पडलं तर जबाबदारी कुणाची, असं मला विचारलं. मी म्हटलं, साहेब, तुमच्यासकटच पडेल, जबाबदार कुणी उरणार नाही. त्यांनी वर पोचेपर्यंत माझ्याशी बोलणं टाकलं. दुसरे एक पुण्याचे, धुकं बघायला आलेले. मोबाईलमधला नकाशा पुढं रस्ता दाखवतोय, या एकाच गोष्टीवर लांबलचक गाडी घेऊन चौथ्या वळणापर्यंत चढले आणि तिथं वळणात अडकले. ती गाडी मी उलटी, पाठमोरी, ओढ्यापर्यंत आणली. त्यांच्या बायकोनं गाडीत बसायला साफ नकार दिला. ती पुढं चालत होती आणि वळण आलं की मला हात करून दाखवत होती. खाली आल्यावर तिनं मला सांगितलं की लग्नानंतर पहिल्यांदा कुणीतरी तिच्या सांगण्यावरून गाडी चालवली.

अशा गोष्टी सांगत बसलो तर अंक भरेल. पण त्या सांगण्यासाठी मी बसलेलो नाही.

आमच्या गावचं माणूस कराडला दवाखान्यात गेलं, आणि परत जिवंत आलं नाही, तर ॲम्ब्युलन्स त्याला ओढ्यापर्यंत सोडायची. पुढं ते काम आमच्याकडं. जीपच्या मागच्या बाकांच्या मधे मढं ठेवायचं, दोन्ही बाजूंनी घरची चार माणसं धरून बसायची. अशा फेरीला एक रीत होती. ओढ्याच्या पलीकडं गावची शीव लागली की हॉर्न द्यायचा नाही. हॉर्न म्हणजे हाक, असं जुनी माणसं धरून चालत. गेलेल्या माणसाला वाटेत हाक मारली तर ते मागं वळतं, घरापर्यंत येत नाही, आणि वळणावळणावर घुटमळत राहतं. मी फौजेत राहून आलो होतो, मला यातलं काही पटत नव्हतं. पण मागं ज्याचा बाप किंवा भाऊ आडवा पडलेला आहे त्याच्याशी वाद कोण घालणार. म्हणून शीव ओलांडायच्या आधी ओढ्यावरून गावात फोन करायचा, शाळेच्या ओट्यावर तेवढी रेंज यायची, आणि वरून कुणाला सोडू नका असं सांगायचं. मगच निघायचं.

त्या दिवशी फोन लागला नाही. भाद्रपद संपत आला होता, चार दिवस पाऊस पडून सकाळीच उघडीप झाली होती. आमच्या भावकीतले बापू कराडला वारले होते. त्यांचे थोरले भाऊ तात्या माझ्या शेजारी पुढं बसले होते, मागं मढ्याजवळ चार जण. मी तीन वेळा फोन लावला. पाऊस पुन्हा भरून येत होता आणि तात्यांचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. किसन सकाळी फेरी करून वर गेलेला मी पाहिला होता. दुपारच्या वेळी तो कधी उतरत नसे. मी म्हटलं, या वक्ताला कोण उतरतंय, चला. हे शब्द माझे. ते दुसऱ्या कुणाचे नाहीत.

नवव्या वळणावर पावसाळ्यात कड्यावरून धबधबा पडतो. त्याच्या आवाजात इंजिनाचा आवाज बुडून जातो, फक्त हॉर्न तेवढा वर निघतो. मी आठवं वळण घेऊन चढत होतो आणि वरून दोन आखूड ऐकू आले. तो किसनचाच हॉर्न, जरा घसा बसल्यासारखा. डिझेल आणायला तो रिकामा निघाला होता, हे मला नंतर कळलं. माझा अंगठा आपोआप बटणाकडं गेला. तात्यांनी माझ्या हातावर हात ठेवला.

"न्हाई, संपत," ते म्हणाले.

हात झिडकारून मला बटण दाबता आलं असतं. तात्या सत्तरीचे, त्यांच्या हाताला जोर तो किती असणार. पण मी हिशेब केला की वळणाच्या पलीकडं लगेच जागा आहे, किसन पोचायच्या आत मी तिथं शिरेन. आणि मी हॉर्न द्यायच्या ऐवजी गाडी रेटली. तिकडं किसननं नेहमीप्रमाणं वळणाआधी गाडी थांबवली, न्यूट्रल केली, मान तिरपी करून लांब हॉर्नची वाट बघितली. तो आला नाही. म्हणजे रस्ता मोकळा आहे. किसन निघाला.

वळणावर आम्ही समोरासमोर आलो तेव्हा मधे दोन गाड्यांचंही अंतर नव्हतं. त्याला एकतर आमच्यावर आदळायचं होतं, नाहीतर दरीकडची कड घ्यायची होती. त्यानं कड घेतली. चार दिवसांच्या पावसानं ती भिजलेली होती. ती खचताना आवाजसुद्धा झाला नाही. जीप कारवीच्या रानात घसरली, एकदा पूर्ण फिरली आणि एका जांभळीला अडकून आडवी राहिली.

आम्ही पाच जण कारवीला धरत धरत खाली उतरलो. किसन स्टेअरिंगच्या आणि सीटच्या मधे अडकला होता, पण शुद्धीवर होता. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. दुखतंय म्हणाला नाही, पाणी दे म्हणाला नाही. माझ्याकडं बघून त्यानं एकच विचारलं.

"हॉर्न दिला हुतास का रं?"

"दिला हुता," मी म्हणालो.

"लांब?"

"लांब."

हे मी का म्हणालो याचा विचार मी पुष्कळ केला आहे. घाबरलो होतो, हे एक. त्या वेळी त्याला बाहेर काढणं महत्त्वाचं होतं, हे दुसरं. पण खरं ते असं की विचार करायच्या आत तोंडातून गेलं, आणि एकदा गेल्यावर मी ते परत घेतलं नाही. बाकीचे चौघं ऐकत होते. हॉर्न दिला नाही हे त्यांना ठाऊक होतं, आणि दिला असता तर त्यांनीच मला शिव्या घातल्या असत्या. एकानंही मान वर केली नाही.

बापूंना आम्ही जीपमधून काढून रस्त्याच्या कडेला घोंगड्यावर ठेवलं. तात्या त्यांच्यापाशी बसले. बापूंच्या जागी किसनला निजवलं, आणि जागेत गाडी वळवून मी खाली निघालो. आता हॉर्नला अडकाठी नव्हती. मी प्रत्येक वळणाआधी दोन आखूड देत होतो. आणि प्रत्येक वेळी मागून किसनचा आवाज यायचा. "ह्यो आला." पुढच्या वळणावर, "ह्योबी आला." तो कण्हत नव्हता, आपले कान तपासत होता. चौथ्या वळणाच्या आसपास तो म्हणाला, "मग त्योच कसा न्हाई आला, संपत?"

मी म्हटलं, धबधब्यात बुडाला असेल.

"धबधबा मी जल्मापासनं ऐकतोय," तो म्हणाला. ओढा ओलांडून मी त्याला थेट कराडला नेलं.

त्याचं खुब्याचं हाड मोडलं होतं. चार महिने तो अंथरुणावर होता, आणि उठला तो एक पाय ओढतच. पंचनाम्यात कच्ची कड खचल्यामुळं अपघात असं लिहिलं गेलं, आणि त्यात खोटं काही नव्हतं. जीप दुरुस्त होण्यासारखी होती. मी त्याला म्हटलं, आपण दोघं मिळून ती वर काढू, पाय ठीक झाला की चालवायला लाग. तो म्हणाला, पायाचं काही नाही, क्लच दाबता येतो. "पर मागं माणसं बसवायची म्हंजे कानावर इस्वास पायजे. त्यो आता न्हाई." जीप त्यानं भंगारात घालवली.

कराडला एका कानाच्या डॉक्टरकडं त्याची बायको त्याला घेऊन गेली. शेवंतावैनी हट्टानंच घेऊन गेल्या. डॉक्टरांनी यंत्र लावून तपासलं आणि कान चांगले आहेत असं सांगितलं. किसनला ते पटलं नाही. बंद खोलीतल्या यंत्राला घाटातलं काय कळणार, असं तो मला म्हणाला. संपतनं दिलेला लांब हॉर्न मला आला नाही, यापेक्षा मोठी तपासणी काय पाहिजे? त्यानं डॉक्टरच्या यंत्रापेक्षा माझ्यावर विश्वास ठेवला. मी समोर बसलो होतो. वैनींनी दिलेला चहा पीत होतो.

मग हळूहळू सगळं गाव त्याच्याशी मोठ्यानं बोलायला लागलं. शेवंतावैनीही. मोठ्यानं बोलल्यावर माणूस मोठ्यानं बोललेलंच ऐकायला शिकतो की काय कोण जाणे, पण वर्षभरात किसन "आं?" म्हणायला लागला. भजनात तो आधी मृदंग घेऊन मागं सरकला, मग मृदंग दुसऱ्याकडं दिला, मग देवळात यायचाच थांबला. गावात किसन नावाचे आणखी दोघं आहेत, तेव्हा ओळख पटावी म्हणून लोक त्याला भैरा किसन म्हणायला लागले. समोरच म्हणायचे. भैऱ्याला काय ऐकू येतंय.

त्याच्या गाडीतली सगळी माणसं माझ्या गाडीत आली. फौजी माणूस आहे, चुकायचा नाही, असं लोक म्हणायचे आणि मी ऐकून घ्यायचो. मढ्याची रीतही बदलली. आता एक मोटारसायकलवाला पुढं जातो, प्रत्येक वळणावर थांबतो, वाट मोकळी असल्याची खूण करतो, मग मागून गाडी येते. ही रीत का बदलली हे गावानं कधी उच्चारलं नाही. तात्या तर त्यानंतर माझ्या गाडीत पुढच्या सीटवर कधी बसले नाहीत. पुढं तेही गेले. त्या चौघांपैकी दोघं मुंबईला आहेत, दोघं गावात, आणि मला बघितलं की ते पावसापाण्याचं बोलतात.

सांगायचंच नव्हतं, असं नाही. पहिले चार महिने वाटायचं, तो अंथरुणावरून उठू दे. उठल्यावर वाटायचं, जीप विकायच्या आधी सांगू. जीप गेल्यावर वाटलं, आता सांगून काय परत येणार आहे. आणि पुढं तर असं झालं की हॉर्न दिला नाही हे सांगायच्या आधी इतकी वर्षं का गप्प बसलो याचंच उत्तर द्यावं लागलं असतं. मला लाज वाटत होती. अजून वाटते. दर बाजाराच्या दिवशी तो माझ्या गाडीत बसून खाली यायचा, आणि उतरताना मला हात करायचा.

आता आमचा रस्ता डांबरी होतो आहे. या वर्षी पाचव्या वळणापर्यंत खडी पडली, वळणं रुंद केली, वर टॉवरही उभा राहिला. माझ्या एका डोळ्यात मोतीबिंदू आला आहे. दसऱ्याला गाडी बंद करायची असं मी ठरवलं होतं. या कच्च्या रस्त्यावरचे माझे ते शेवटचे महिने, आणि त्यातल्याच एका बाजारच्या दिवशी हे घडलं.

गाडी भरून उतरत होतो. किसन मागच्या बाकावर, दाराजवळ. सातव्या वळणाच्या पुढं तो एकदम म्हणाला, "संपत, थांब. मागचा पाटा तुटलाय. वाजतोय."

पाटा म्हणजे चाकाच्या वर गाडीचं वजन तोलणाऱ्या लोखंडी पट्ट्या. त्यातली एखादी तुटली तर सुरुवातीला बारीक कुरकुर होते, ती कळायला कान तयार लागतो. मला काहीच ऐकू आलं नव्हतं. गाडीतली माणसं हसायला लागली. एक जण म्हणाला, घ्या, भैऱ्याला आवाज आला. किसनही जरा हसला. पण तो माझ्याकडं बघत होता, आरशातून, आणि त्याच्या चेहऱ्यावर असं काही होतं की मी गाडी थांबवून खाली उतरलो.

मी वाकून बघितलं. डाव्या बाजूची खालची पट्टी मधोमध तुटली होती. ताजी तूट, आतलं लोखंड चकाकत होतं. अजून दोन वळणं तसाच गेलो असतो तर वरच्याही पट्ट्या गेल्या असत्या. मी चाकाजवळ बसून राहिलो. त्याचे कान चांगले आहेत, आणि तेव्हाही होते, हे सांगायला याहून सोपी वेळ मला कुणी दिली नसती. अकरा माणसं गाडीत होती. वरून कुणीतरी विचारलं, काय झालंय?

मी म्हणालो, "काय न्हाई. दगड अडकला हुता."

किसननं मान हलवली. "मग माजंच चुकलं," तो म्हणाला, आणि खिडकीतून बाहेर बघायला लागला. मी गाडी पहिल्या गिअरमध्ये घातली आणि बैलगाडीच्या चालीनं खाली आणली. त्याला ओढ्यापर्यंत ती कुरकुर ऐकू येत असणार.

पाटा दुरुस्त करून मी वर आलो, पण दुसऱ्या दिवशी गाडी काढली नाही. सकाळीच किसनच्या घरी गेलो. तो ओटीवर बसून घायपाताच्या वाखाची दोरी वळत होता. शेवंतावैनी उंबऱ्यात तांदूळ निवडत होत्या. त्यांच्या घरासमोरच गावचा नळ आहे. पाणी यायची वेळ होती, सात-आठ बाया हंडे लावून उभ्या होत्या. एरवी मी एखादी आडबाजूची वेळ बघितली असती. पण आता थांबलो तर पुन्हा कधी जमणार नाही, हे मला कळत होतं. मी त्याच्याजवळ बसलो आणि हळूच सांगितलं, की त्या दिवशी नवव्या वळणावर मी हॉर्न दिला नव्हता. तुझे दोन आखूड मला ऐकू आले होते आणि मी उत्तर दिलं नाही.

त्याचे दोरी वळणारे हात थांबले. त्यानं सुटलेला वाख पुन्हा चिमटीत धरला. मग मान न वळवता म्हणाला, "आं?"

मी पुन्हा सांगितलं, जरा मोठ्यानं. वैनींचं सूप हलायचं थांबलं.

"मोठ्यानं बोल," तो म्हणाला. "मला कमी ऐकू येतंय. समद्या गावाला म्हाईत हाय."

तेव्हा मला कळलं. मी उठून उभा राहिलो, आणि फौजेत कवायतीला ओरडायचो तसा ओरडून म्हणालो, "किसन, मी हॉर्न दिला न्हवता. तात्यांनी न्हाई म्हटलं आन मी ऐकलं. मढं हुतं गाडीत. तुजे कान धड हुते. मी खोटं बोललो."

नळावरचं बोलणं बंद पडलं. एका हंड्यातून पाणी वाहायला लागलं होतं, ते बाजूला घ्यायचं कुणाला सुचलं नाही. समोरच्या घरातला एक जण दारात येऊन उभा राहिला. त्या चौघांपैकीच एक. माझी नजर त्याच्याकडं गेली आणि त्यानं मान खाली घातली.

"आन काल?" किसननं विचारलं.

"काल पाटा तुटला हुता," मी त्याच आवाजात सांगितलं. "दगड न्हवता."

शेवंतावैनी उठून आत गेल्या. त्या रडत होत्या की काय, मला दिसलं नाही. किसननं दोरीचा पीळ सुटू नये म्हणून टोक पायाच्या अंगठ्याखाली धरलं आणि माझ्याकडं पहिल्यांदा नीट बघितलं. त्याच्या नजरेत राग नव्हता असं मी म्हणणार नाही.

"आता आलं ऐकू," तो म्हणाला. "जा आता."

मी पायात चपला घातल्या. नळावरच्या बायांनी मला वाट दिली.